मापारी मामांची हसायची कॅसेट

जुन्या जालन्यातल्या एका कापड दुकानात मापारी मामा साड्या दाखवायचे, आणि साड्या दाखवता दाखवता स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. यात फारसं नवल नाही. नवल हे, की गाण्याची शेवटची ओळ ते म्हणत नसत.

"सासू म्हणती हिरवी घे गं, सून म्हणती लाल, नवरा म्हणतो, कोणची बी घ्या..."

इथं मामा थांबायचे. हातावर पदर तसाच पसरलेला, चेहरा तहसीलमधल्या कारकुनासारखा. गिऱ्हाईक बाई आधी मामांकडे बघायची, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा मामांकडे. मामा काही न बोलता गल्ल्याशेजारी ठेवलेला वनस्पती तुपाचा रिकामा डबा डोळ्यांनी दाखवायचे. डब्यात नाणं पडलं की ओळ पुरी व्हायची, "...घेऊन घरला चाल."

बाई हसायची, नवरा हसायचा, गल्ल्यावरचे सेठजी हसायचे. मामा नाही. पुढची साडी उलगडत ते म्हणायचे, "हसा, पण फुकट न्हाई."

डब्यातलं नाणं त्यांचं नसायचं आणि सेठजींचंही नसायचं. ते कुणाचं, हे डब्याला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असायचं आणि कागद बदलत राहायचा. मी जालन्यात शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या कागदावर 'टेंभुर्णीच्या शाळेचे पत्रे' असं होतं.

टेंभुर्णी हे मामांचं गाव. वावटळीत तिथल्या शाळेचे पत्रे उडाले होते, पोरं लिंबाखाली बसत होती. मामांची आणि माझी खोली एका भिंतीची. मी संध्याकाळी पेटी वाजवत असे, म्हणजे मला तसं वाटत असे. तिसऱ्या दिवशी मामा दारात उभे. अंगात पांढरा सदरा, खिशात शिसपेन्सिल, गळ्यात दुकानातली मोजायची टेप तशीच राहिलेली.

"सर, तुमची पेटी ऐकून राह्यलो तीन दिसांपासून," ते म्हणाले. "बेसूर हाय. मला चालंल."

मी जरा नाराज झालो. त्यांनी समजावलं, "माझा आवाज बी तसाच हाय. सुरातली पेटी घेतली तर माझी चूक दिसंल. दोघं बी चुकलो तर लोकांला वाटंल, गाणंच असं हाय."

असा मी संगीतकार झालो.

मामांची कल्पना सोपी होती. हसायच्या गाण्यांची कॅसेट काढायची, विकायची, आणि जे येईल त्याचे पत्रे घ्यायचे. माझ्याकडे दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर होता, एकीवरून दुसरी भरणारा. तोच आमचा स्टुडिओ. खिडकीला गादी टेकवायची, दाराखाली पोतं घालायचं, आणि मामा मधोमध उभे राहून म्हणायचे:

"वारं सुटलं, पत्रा उडाला, गेला गावाच्या पार,
मागं गुरुजी, गुरुजींच्या मागं पोरं चाळीस-चार;
गुरुजी म्हणती पत्र्याला, थांब, हजेरी राह्यली,
पत्रा म्हणतो, मांडा गैरहजर, माझी सुट्टी झाली."

मामांचा आवाज कसा होता हे सांगणं अवघड आहे. शटर अर्ध्यावर अडकल्यावर दोघांनी मिळून ओढावं, तसा काहीसा. त्यांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "गोड आवाज ऐकला की माणूस डोळे मिटून घेतो. डोळे मिटल्यावर डबा कसा दिसंल त्याला?"

पहिल्याच गाण्याच्या ऐन मधोमध पलीकडच्या खोलीत मामींच्या कुकरची शिट्टी वाजली आणि कॅसेटवर उतरली. मी म्हणालो, पुन्हा करू. मामांना पुन्हा करणं मंजूर नव्हतं, कारण आपण तसंच दुसऱ्यांदा चुकू याची त्यांना खात्री नव्हती. कॅसेट गेली तशीच गेली. लोकांना ती शिट्टी इतकी आवडली की पुढच्या कॅसेटच्या वेळी माणसं विचारू लागली, शिट्टी आहे ना? तेव्हापासून रेकॉर्डिंग असलं की मामींना कुकर लावावा लागे. मामी अबोल बाई. पडद्याआडून फक्त विचारायच्या, "डाळ का भात?" मामा गाण्याची वही बघून सांगायचे, "ह्या गाण्याला भात."

पत्रे बसले. टेंभुर्णीचे हेडमास्तर मात्र रागावले होते. गावात शिरले की पोरं 'थांब, हजेरी राह्यली' म्हणायची. त्यांनी मामांना एक लांबलचक पत्र पाठवलं. शेवटी लिहिलं होतं, की सोबत एक कॅसेट पाठवावी, आमच्या मेव्हण्यांना हवी आहे.

त्यानंतर डब्यावर 'कादरभाईचा पाय' असा कागद लागला. कादरभाई बाजारातले हमाल. कापडाच्या गाठी भरलेला हातगाडा उतारावर सुटला आणि त्यांच्या मांडीवरून गेला. मामांनी त्या हातगाड्याचं गाणं केलं. गाडा गल्लीतून एकटाच निघतो, वाटेत सगळ्यांना सलाम करतो, आणि सरकारी दवाखान्यासमोर आपणहून थांबतो, असं ते गाणं. मला वाटलं, अपघातावर गाणं करणं बरं नव्हे. मामा म्हणाले, "आपण कोण ठरवणार? ज्याचा पाय त्याला इचारू."

आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन दवाखान्यात गेलो. कादरभाईंनी पडल्या पडल्या गाणं ऐकलं. पहिल्या कडव्याला ते छताकडे बघत होते. दुसऱ्याला त्यांची मिशी हलायला लागली. तिसऱ्याला त्यांनी हात जोडले.

"मामू, बस करो," ते म्हणाले. "हसने से टाके दुखरे."

मामांनी वहीत खूण केली. "बिलकुल बराबर. तिसरं कडवं चांगलं जमलंय, सर."

हसवणारा हा माणूस स्वतः कधी हसत नसे. मी सात-आठ वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, पण त्यांचे दात मला फक्त जेवताना दिसले. एकदा मी विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "दुकानातला माणूस स्वतःच साडी नेसून बसतो का, सर?" मला वाटलं, हा विनोद आहे. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

एका निवडणुकीच्या आधी दोन माणसं जीपमधून आली. म्हणाली, पत्र्याच्या चालीवर आमच्या साहेबांचं गाणं करा. मामांनी त्यांना सतरंजीवर बसवलं, चहा दिला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "करतो की. पण माझं गाणं लागलं की लोक हसतेत. साहेबांचं नाव आल्यावर हसले तर चालंल का?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चहा पिऊन ते जे गेले, ते पुन्हा आले नाहीत.

अशा पाच-सहा कॅसेटी झाल्या. गावात मामांचं नाव झालं. रिक्षावाले त्यांची गाणी लावायचे. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं 'गाणं म्हणणारे मामाच पाहिजेत' असा हट्ट धरायची. मग एके दिवशी दुकानात एक बाई आल्या. गावाबाहेर मुक्या-बहिऱ्या मुलांची एक छोटी निवासी शाळा होती, तिथल्या त्या मुख्याध्यापिका. मुलांच्या गणवेशाचं कापड घ्यायला आल्या होत्या. शेवटच्या ओळीसाठी त्यांनी डब्यात नाणं टाकलं, हसल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "आमच्या मुलांसाठीही काढा की कॅसेट. कानाची मशीन घ्यायचीय. तीसेक मुलं आहेत, मशीन चारच."

संध्याकाळी मामा माझ्याकडे आले, तेव्हा कागद बदललेला होता. मी म्हणालो, "मामा, ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यासाठी गाणी?"

"ज्याला ऐकू येतं त्यानं ऐकायची, सर. खर्चा त्यांचा, फायदा पोरांचा. यात अडचण काय हाय?"

अडचण काही नव्हती. ही कॅसेट त्यांची सगळ्यात चांगली झाली. बहिऱ्या सासऱ्याचं गाणं करा, असं कुणीतरी सुचवलं होतं. मामा म्हणाले, त्यात कुचेष्टा होईल. त्याऐवजी त्यांनी कानावर गाणं केलं. कान तक्रार करतो की नाकाला नथ, डोळ्याला काजळ, माझ्या वाट्याला मात्र बायकोचं बोलणं. मामींनी त्या गाण्याला दोन शिट्ट्या दिल्या.

कॅसेटचा कार्यक्रम शाळेच्याच अंगणात ठेवला. गावातली बरीच माणसं आली होती. सेठजी आले, कादरभाई काठी टेकत आले. मामींना मी आग्रह केला, पण त्या कधीच कुठल्या कार्यक्रमाला येत नसत, यालाही आल्या नाहीत. मुलांना बाईंनी पुढच्या रांगांत बसवलं, कारण कार्यक्रम त्यांचा होता. तेल लावून भांग पाडलेली तीस मुलं मांडी घालून मामांकडे बघत बसली.

मी पेटी धरली. मामांनी कानाचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं संपलं, मागची माणसं खदखदून हसली. पुढची मुलं वळून मागे बघू लागली. मोठी माणसं तोंडं उघडून, मान हलवून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून काय करतायत, ते त्यांनी नीट पाहिलं. मग ती पुन्हा मामांकडे वळली. दुसऱ्या कडव्याला पुन्हा तेच. लोक हसले, मुलांनी मागं बघितलं. एक-दोघं मोठ्यांसारखं तोंड उघडून हसल्यासारखं करू लागली.

अगदी पुढे सहा-सात वर्षांची एक मुलगी बसली होती. रुख्मिण तिचं नाव, जाफराबादकडच्या कुठल्याशा वस्तीवरची. ती मागं बघत नव्हती. ती मामांच्या तोंडाकडे बघत होती. पापणी न हलवता, कपाळाला आठी घालून, आता काहीतरी हाती लागेल अशा नजरेनं.

मामा तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर थांबले. लोकांना वाटलं, आता डबा दाखवतील. काहीजणांनी खिशात हातही घातला. मी पेटीवर तीच ओळ दोनदा वाजवली. मामा त्या मुलीकडे बघत उभे होते. मग त्यांनी माइक खाली ठेवला आणि गर्दीतून वाट काढत चालू लागले. फाटकापर्यंत मला दिसले, पुढे दिसले नाहीत.

लोकांना सांगितलं, मामांना चक्कर आली. कॅसेटी मात्र सगळ्या खपल्या.

त्यानंतर आठवडाभर दुकानात गाणं नव्हतं. साडी पसरायची, घडी करायची, भाव सांगायचा, एवढंच. सेठजी मला म्हणाले, "सर, जरा बघा. गिऱ्हाईक इचारून राह्यलंय, मामा बीमार हायेत का." मी भिंतीपलीकडे गेलो. मामा सतरंजीवर बसले होते, समोर एक साडी. दुकानात उंदरानं कुरतडलेली, सेठजींनी कुणालाही द्यायला काढलेली जांभळी साडी.

"सर, उद्या दुकान बंद हाय," ते म्हणाले. "शाळेत येता का संगं? पेटी नका घेऊ."

दुसऱ्या दिवशी मामांनी त्या अंगणात सतरंजी टाकली, मुलांना अर्ध्या गोलात बसवलं आणि काही न बोलता दुकान उघडलं. आधी हवेतलंच शटर वर ढकललं. ते अर्ध्यावर अडकलं. मामा खालून वाकून आत शिरले, टोपी अडकली, टोपीसाठी बाहेर आले, पुन्हा डोकं आपटलं. मग ते गिऱ्हाईक बाई झाले, नाक मुरडून साडीचा पोत चोळून बघणारी. मग सासू झाले, तीच साडी सुनेच्या हातातून ओढणारी. मग नवरा झाले, भिंतीला टेकून जांभया देणारा. शेवटी स्वतः मामा झाले आणि पन्नासावी साडी घडी करता करता त्याच साडीत गुंडाळले गेले.

मुलं हसली. ज्यानं स्वतःचं हसणं कधी ऐकलेलं नाही, त्याचं हसणं वेगळं असतं. ते कुणाच्या हसण्यासारखं नसतं. काही आवाज घोगरे होते, काही किंचाळल्यासारखे, एक मुलगा नुसताच हुंकार देत मांड्यांवर हात आपटत होता. बाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. रुख्मिण उठली, जांभळ्या साडीचं टोक तिनं धरलं आणि मामांना आणखी एक वेढा दिला.

तेव्हापासून दुकान बंद असलं की मामा शाळेत. त्यासाठी डबा नव्हता, कागदही नव्हता. मुलांनी त्यांना नावही दिलं. त्यांच्या बोटांच्या भाषेत पदर खांद्यावर टाकल्यासारखी खूण केली की मामा. दोन-तीन महिन्यांत मामाही हातांनी बरंच बोलायला लागले. घरातही करायचे. मामी मला एकदाच तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "आधीच कमी बोलायचे घरात. आता नुसते हातच हलवून राह्यलेत." पण ते सांगताना त्यांनी स्वतःही एक खूण करून दाखवली, पाणी मागायची. बरोबर केली.

मशीन आल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडावर. एक डॉक्टर औरंगाबादेहून आले. मशीन म्हणजे खिशात ठेवायची काड्यापेटीपेक्षा जरा मोठी डबी, तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बोंडूक. एकेका मुलाला बसवून डॉक्टर मागून घंटी वाजवायचे, डबा वाजवायचे, आणि डबीवरची चकती कमीजास्त करायचे. काही मुलांना फारसा फरक पडला नाही. काही दचकली. एक मुलगा रडायलाच लागला.

रुख्मिणची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "मामा, हिच्यासाठी तुम्ही म्हणा. तुमच्याच गाण्याची मशीन आहे ही."

मामा मागे सरले. "न्हाई बाई. घंटी बरी हाय."

"म्हणा हो मामा," मी म्हणालो. "पत्र्याचं म्हणा."

मामांनी सदरा ओढून सरळ केला, खाकरले, आणि त्या मुलीपासून हातभर अंतरावर बसून म्हणायला लागले, "वारं सुटलं, पत्रा उडाला..."

रुख्मिणचे डोळे मोठे झाले. तिचा हात कानाकडे गेला. तिनं मामांच्या तोंडाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं. 'गावाच्या पार' पर्यंत तिनं ऐकून घेतलं. मग कानातलं बोंडूक काढलं, वायर नीट गुंडाळली आणि सगळी मशीन मामांच्या हातात परत दिली.

डॉक्टर आधी हसले. मग बाई, मग मी. आणि मग मामा हसले. वर्षानुवर्षं साठवल्यासारखे हसले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "बराबर हाय तिचं," ते म्हणत होते, "बिलकुल बराबर हाय. ऐकू आलं तिला. चांगलं ऐकू आलं." आणि तसेच उठून बाहेर नळावर गेले.

ते लवकर येईनात म्हणून मी गेलो. नळ सुरू होता, मामा त्याच्याकडे बघत बसले होते. तोंड धुतलेलं नव्हतं.

"सर, आम्हाला एक पोरगी झाल्ती," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या लई आधी. मंजुळा नाव ठेवलं. चार वर्साची झाली अन् तापात गेली."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"ती बोलत नव्हती. माझी आई म्हणायची, उशिरा बोलंल. हाक मारली तर बघायची न्हाई. आम्हाला वाटायचं, हट्टी हाय. म्या दोनदा मारलं तिला. मंग ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायची, हा असा का करून राह्यलाय म्हणून." त्यांनी नळ बंद केला. "तव्हा न्हाई समजलं. इतक्या वर्सात न्हाई समजलं. त्या दिशी गाणं म्हणताना ही पोरगी तशीच बघून राह्यल्ती, अन् एकदम समजलं."

"मामींना सांगितलंत?"

"सांगितलं. ती म्हणली, मला कव्हाच समजल्तं. तुमचं हसणं तर गेल्तंच, आणखी झोप बी कशाला घालवू म्हणून बोलले न्हाई."

आतून बाईंनी हाक दिली. आम्ही गेलो, तेव्हा डॉक्टरांनी चकती कमी करून रुख्मिणच्या कानात मशीन पुन्हा बसवली होती. ती आमच्याकडे पाठ करून जमिनीवर खडूनं रेघा ओढत होती. मामा दारातच थांबले. गाणं म्हणायचं धाडस आता त्यांना नव्हतं. त्यांनी साध्या आवाजात, घरातल्या माणसाला मारावी तशी हाक मारली.

"रुख्मिण."

ती वळली.

"नाव कळलेलं नाही तिला अजून," डॉक्टर म्हणाले. "आवाज आला म्हणून वळली."

"चालंल," मामा म्हणाले. ती पुन्हा रेघा ओढायला लागली. त्यांनी पुन्हा हाक मारली. ती पुन्हा वळली, आणि या वेळी तिनं खांद्यावर पदर टाकल्याची खूण केली.

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, तेवढी रिक्षा बघता का? घरी जाऊन मामीला घेऊन या. म्हणावं, कुकर उतरव अन् चल. तिनं बी एकदा हाक मारून बघावी."

मी फाटकाकडे निघालो. मागं मामांची हाक ऐकू येत होती. प्रत्येक हाकेनंतर ते थोडा वेळ थांबत होते, मग पुन्हा हाक मारत होते.